पट्टी कोणाची धरायची

नांदेड

चि. भाच्यास,


सॅक्सोफोन आणि इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकत्र आणून जॅझचा अल्बम ध्वनिमुद्रित करण्याचा लातूरच्या वादकमंडळींचा मनोदय समजला. जॅझ म्हणजे ठरलेल्या स्वरसंगतींच्या आधाराने ऐनवेळी स्वर रचत जाण्याची, अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी घडवलेली पद्धत. तीत यंत्रे आली की पहिला प्रश्न पट्टीचा, म्हणजे मूळ स्वराच्या उंचीचा, उभा राहतो, आणि तो सोडवल्यावाचून सौंदर्याच्या चर्चेला फारसा अर्थ उरत नाही.

ॲडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये ज्या वाद्याचे पेटंट घेतले, ते पितळेचे असले तरी त्याचा आवाज पातळ पात्याच्या, म्हणजे रीडच्या, कंपनातून आणि नळीतील हवेच्या स्तंभातून निघतो. हवा तापली की तीतून ध्वनी अधिक वेगाने जातो. २० अंश सेल्सियसला हा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर असतो, आणि वादकाच्या उबदार श्वासामुळे फरक काहीसा कमी झाला तरी वाद्य उन्हाळ्यात चढतेच. मे महिन्यात लातूरच्या गंजगोलाईच्या परिसरातून निघणाऱ्या वरातीत ज्या बँडपार्टीकडे सॅक्सोफोन असतो, तिचा वादक वाळलेली रीड जिभेने ओली करतो आणि मुखनळी बुचावरून किंचित बाहेर ओढून नळी लांब करतो, कारण गाड्यावरच्या कॅसिओ कीबोर्डला ऊन लागत नाही. कीबोर्डचा स्वर डिसेंबरात जिथे असतो तिथेच मे महिन्यातही असतो. जुळवून घेण्याचा सगळा भार अशा रीतीने श्वासावर पडतो, आणि मराठवाड्यातील बँडवाल्यांनी तो कोणत्याही पुस्तकाविना पिढ्यान्‌पिढ्या पेलला आहे.

स्टुडिओत मात्र हा भार उलटवता येतो. बहुतेक कीबोर्डांत मूळ पट्टी थोडी वरखाली करण्याची सोय असते, जिला वरातीत सहसा कोणी हात लावत नाही. वातानुकूलित खोलीत सॅक्सोफोन पाच-सात मिनिटे वाजवून गरम झाल्यावर त्याचा स्वर धरावा आणि यंत्र त्याच्याकडे आणावे, हा क्रम अधिक न्याय्य ठरतो, कारण ओठांवरचा ताण पट्टी सांभाळण्यात खर्च झाला की मींडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्यासाठी, काही शिल्लक राहत नाही.

पट्टीइतकाच अवघड प्रश्न लयीचा आहे. वेदर रिपोर्ट या अमेरिकन चमूच्या १९७७ सालच्या ‘हेवी वेदर’ या अल्बममध्ये व्हिएन्नाचा जो झाविनुल सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या मंडलांतून स्वर निर्माण करणारे वाद्य, वाजवतो आणि वेन शॉर्टर सॅक्सोफोन. पण ताल माणसांच्या हातांत आहे, त्यामुळे शॉर्टर दोन स्वर वाजवून थांबला तरी मागचा ठेका त्याच्या मौनाला जागा देतो. याच्या नेमका उलट प्रयोग मुंबईत झाला. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजीत सिंग यांनी १९८२ साली ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ या ध्वनिमुद्रिकेत यमन, मालकंस, ललित असे दहा राग रोलँड कंपनीच्या यंत्रांवर, यंत्राच्याच ठेक्यावर वाजवले, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्या यंत्रांत असल्याने मींडेची छाया त्यांत येते, आणि शिकागोमध्ये अशाच यंत्रांवरचे नृत्यसंगीत जन्मण्याच्या काही वर्षे आधीची ही ध्वनिमुद्रिका २०१० साली पुन्हा प्रकाशित झाल्यावर जगभर गाजली. तीत सॅक्सोफोन नाही, आणि तो नाही हेच बरे, असे कोणी म्हटल्यास वाद घालणे कठीण आहे. न थांबणाऱ्या त्या ठेक्यात श्वास घेऊन वाजणाऱ्या वाद्याला उसंत मिळाली नसती. गोव्यातील नेवऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस यांनी १९७० साली ‘रागा रॉक’ या ध्वनिमुद्रिकेत रागाची वाट सॅक्सोफोनवरच शोधली होती, आणि लातूरच्या मंडळींना जवळचा आदर्श हवा असेल तर तो तेथे आहे.

एकूण विचार करता ठेका ड्रमवर किंवा हाताने वाजवलेल्या ऑक्टोपॅडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर, ठेवावा, यंत्राकडे केवळ आधारस्वर आणि पोत सोपवावा, आणि सॅक्सोफोन शेवटी एकटा न मुद्रित करता इतरांबरोबरच मुद्रित करावा. तो स्वतंत्र ट्रॅकवर, म्हणजे वेगळ्या पट्ट्यावर, हवाच असेल तर वादकाला निराळ्या खोलीत, पण काचेतून सर्वांना पाहता येईल असे बसवावे. मायक्रोफोन थेट वाद्याच्या कर्ण्यासारख्या तोंडाशी लावण्याची बँडपार्टीतली सवय येथे सोडावी लागेल, कारण या वाद्याचा आवाज उघड्या छिद्रांतूनही बाहेर पडतो आणि तोंडाशी धरलेला मायक्रोफोन खालचे स्वर फुगवून वरचे बारीक करतो. हातभर अंतरावर, मधल्या चाव्यांच्या रोखाने तो ठेवल्यास दोन्ही सारखे येतात. स्टुडिओचे भाडे तासावर असल्याने ही मांडणी आदल्या दिवशीच ठरवून घेणे सोयीचे.



मामा