दुखऱ्या डोळ्यांसाठी

माणूस थक्क झाला की डोळे विस्फारतात, तोंड उघडं पडतं, भुवया वर चढतात. हे जगभर सगळ्यांचंच होतं का? १८६७ साली चार्ल्स डार्विनने देशोदेशींच्या माणसांना सोळा प्रश्न पाठवले, त्यांतला पहिला हाच होता. कलकत्त्याच्या बोटॅनिक गार्डनमधल्या जॉन स्कॉटनेही आजूबाजूच्या लोकांचे चेहरे निरखून त्याला माहिती कळवली. पुढे १८७२ च्या ग्रंथात डार्विनने कारणं मांडली. भुवया उचलल्या की डोळे चटकन पूर्ण उघडतात आणि नजरेत जास्त मावतं. तोंडाने श्वास घेतला तर आवाज कमी होतो, म्हणजे कानही टवकारता येतात.

इंग्रजीतले आश्चर्याचे वाक्प्रचार हेच सांगतात. जबडा खाली पडतो, डोळे खोबणीबाहेर येतात, समोरचं दृश्य श्वास हिरावून नेतं. यात माणूस स्वतः काहीच करत नाही; जे होतं ते त्याच्या शरीराला होतं. मला हे फार खरं वाटतं. ठरवून कुणाला चकित होता येत नाही. ‘माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसेना’ म्हणणारा तर एकुलत्या एका साक्षीदारालाच खोटं ठरवतो, कारण जे दिसलं ते त्याच्या आजवरच्या अनुभवात बसत नाही.

पण बघा, या सगळ्यांत थोडी इजा आहे. ‘अ साइट फॉर सोअर आइज’ मात्र वेगळा. इथे दिसणारी गोष्ट दुखऱ्या डोळ्यांवर औषध होऊन येते. जोनाथन स्विफ्टने १७३८ मध्ये उच्चभ्रू बैठकींतल्या गुळगुळीत संवादांची टर उडवणारं एक पुस्तक छापलं. त्यात एक पात्र दुसऱ्याला, तुमचं दर्शन दुखऱ्या डोळ्यांना बरं, अशा अर्थाचं बोलतं. टर मागे पडली, बोल टिकला. आता तो कुठल्याही देखण्या वस्तूला लावतात, ते मला खटकतं. आधी दुखणं हवं, वाट पाहणं हवं. नुसत्या देखणेपणाचं ते काम नाही.

स्विफ्टच्या वाट्याला ते दुखणं अक्षरशः आलं. सॅम्युअल जॉन्सनने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात आहे: १७४२ मध्ये त्याचा डावा डोळा अंड्याएवढा सुजला. वेदना अशा, की तो डोळा उपटून काढू पाहायचा आणि पाच जणांना त्याला आवरणं जड जायचं. बुद्धी तर आधीच ढळली होती. सूज ओसरली तेव्हा थोडं भान परतलं. डॉक्टर ओळखू आले, घरची माणसं ओळखू आली. ते काही दिवसच टिकलं. आयुष्यभर शब्दांची धार जपलेल्या या माणसाला तेव्हा ओळखीचे चेहरे दिसले, आणि त्या दुखऱ्या डोळ्यांना ते थोडे दिवस तरी मिळाले, याचं मला फार समाधान वाटतं.