आग्रहाचे दिवस

लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा झाला की वडील सायकल काढून घरी यायचे. हातपाय धुऊन पाटावर बसले की चार भाकऱ्या, शेंगाचटणी, कांदा आणि वाटीभर दही बघता बघता संपायचं. चार भाकऱ्या खाणारा हा माणूस शेवटपर्यंत सडसडीत राहिला, कारण आठ तास मागावर उभं राहायचं होतं. मी भाकऱ्या त्यांच्याइतक्याच खाल्ल्या, नोकरी मात्र खुर्चीवरची केली.

त्या काळच्या सोलापुरात पाहुण्यानं 'पुरे' म्हणणं कुणी मनावरच घ्यायचं नाही. लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट घेऊन वाढपी यायचा. आपण पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरायचे, तर तो बोटांच्या फटीतून बरोबर जिलबी सोडायचा आणि पुढे सरकायचा. मागून यजमान हात जोडून यायचे, "एक तरी घ्या, आमच्यासाठी." त्यांच्यासाठी म्हणून मी किती जिलब्या खाल्ल्या असतील! शिवाय हुरड्याच्या दिवसांत मंगळवेढ्याकडची शेतं होती, श्रावणात हुग्गी होती, आणि रविवारी मटण. पस्तिशीत शुगर निघाली, चाळिशीनंतर जिना चढताना मधे थांबावं लागायला लागलं.

२०११ मध्ये नितीन गडकरींच्या वजन उतरवायच्या ऑपरेशनची बातमी आली, तेव्हा 'बॅरिअॅट्रिक' हे नाव आमच्या घरात पहिल्यांदा ऐकू आलं. नातेवाइकांच्या भाषेत ते 'पोट कापायचं ऑपरेशन'. पुढे मीही पुण्याला जाऊन स्लीव्ह करून घेतली. जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात, उरते ती केळ्याएवढी नळी. काढलेल्या भागातच घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक मुख्यतः तयार होतं, त्यामुळे नुसती जागाच कमी होत नाही, भूकही विझते.

खरं सांगू? मला आठवण येते ती पंगतीची नाही, त्या पहिल्या वर्षाची. समोर शेंगापोळी असायची आणि मन हलायचं नाही. चार घास वरणभात खाल्ला की आतून कुणीतरी दार लावून घ्यायचं. दर महिन्याला पट्ट्याला नवं भोक. गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत जुने सहकारी शेजारून ओळख न दाखवता निघून जायचे, आणि मी मुद्दाम हाक मारायचो. शुगरच्या गोळ्या सुटल्या. त्याच जत्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीबरोबर चालायला लागलो, पूर्वी कट्ट्यावर बसून बघायचो. मला वाटलं, झालं काम, सुटलो.

तसं नसतं. दुसरं वर्ष सरता सरता भूक परत आली, आधी दबकत, मग हक्कानं. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो लठ्ठ रुग्णांवर नजर ठेवलेला एक प्रसिद्ध अभ्यास आहे. त्यात जठराचं बायपास केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं, दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे थोडं परत येतंच. नळी जरा सैलावते, आणि वजन उतरलेलं शरीर पूर्वीपेक्षा कमी इंधनात भागवायला शिकतं. माझेही काही किलो परत आलेत. डॉक्टर म्हणाले, इथं थांबवलंत तरी जिंकलात.

थांबवायचं कसं, ही मात्र सोलापुरातली अडचण. मटणाचा तुकडा नळीत अडतो, दोन घासांत पोट भरतं. कडक भाकरीचा चुरा, त्यावर शेंगाचटणी आणि तेल हे काही अडत नाही, गप्पा मारता मारता उतरत जातं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पावणेसहाशेच्या आसपास कॅलरी असतात! म्हणून आधी मटकीची उसळ किंवा अंडं, मग जागा उरलीच तर भाकरी. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. मे महिन्याच्या सोलापुरात हे पाळून बघा. बी-१२, लोह, कॅल्शियम जन्मभराचं, आणि वर्षाला रक्ताची तपासणी. पहाटे होम मैदानावर फेऱ्या मारतो. तिथं भेटणाऱ्यांपैकी निम्मे जण कुठल्या ना कुठल्या गोळीवर आहेत.

गंमत म्हणजे भूक परत आली तोवर आग्रह गेला होता. आता कार्यालयात बुफे असतो, आपली थाळी आपल्या हातात. कुणी किती घेतलं, कुणी बघत नाही. यजमान फोटोग्राफरच्या तावडीत. तब्येतीच्या दृष्टीनं याहून सोयीचं काही नाही, तरी मला त्या बुफेत परक्यासारखं वाटतं. वाढपी असता तर त्याला तरी 'नको' म्हटलं असतं. आता भरलेल्या काउंटरपुढे माझं मलाच म्हणावं लागतं, आणि मीही त्या यजमानांसारखाच, चटकन ऐकत नाही.

अजून आग्रह करते ती एक अक्कलकोटची मोठी वहिनी. तिनं माझ्यासाठी शेंगापोळीचा चतकोर करायची पद्धत काढली आहे. यंदाच्या संक्रांतीला पहिला चतकोर संपतो न संपतो तोच दुसरा ताटात.

"वहिनी, ऑपरेशन झालंय माझं."

"म्हणून तर चतकोर. नाहीतर आख्खीच वाढली असती की, भावजी."

दुसरा मी कागदात बांधून घेतला. तो सोलापूरच्या पुढे मोहोळपर्यंत काही पोचला नसता, पण अक्कलकोट-सोलापूर रस्ता त्याहून जवळचा आहे.