बंब दुरुस्त करायचा की गीझर घ्यायचा?



बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही, त्याला कारण आमचा बंब. हसू नका! गेला महिना-दीड महिना आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आणि आमच्या सातारच्या घरी दिवाळीला येऊन ज्यांनी ज्यांनी त्या बंबाच्या पाण्यानं अंघोळ केली आहे, त्या सगळ्या नातेवाइकांनी फोनवरून आपापलं मत दिलेलं असल्यामुळे शेवटी काय झालं हे कळवणं माझं कर्तव्यच आहे.

तर झालं असं. यंदा संक्रांत होऊन आठ दिवस झाले असतील. पहाटे न्हाणीघरातून चुर्र चुर्र असा आवाज यायला लागला. जाऊन बघतो तर बंबाच्या बुडातून पाणी ठिबकतंय आणि विस्तवावर पडतंय. सगळीकडे राखेचा चिखल. ही शांतपणे फडकं घेऊन उभी. म्हणाली, "गेला बंब."

नातवंडांसाठी थोडं सांगतो, कारण त्यांना बंब म्हटलं की आगीचा बंबच आठवतो. आमचा बंब तांब्याचा, ढोलासारखा गोल. मधोमध उभी नळी, तिच्यात विस्तव. नळीच्या भोवती पाणी. खाली जाळी आणि राखेची जागा. वरून ढलप्या, करवंट्या, मक्याची वाळकी कणसं, जे मिळेल ते टाकायचं. गंमत अशी की गार पाणी ओतल्याशिवाय गरम पाणी मिळत नाही. वरच्या नरसाळ्यात तांब्याभर गार पाणी ओतलं की ते नळीनं थेट तळाशी जातं आणि वरचं कढत पाणी तोटीतून बाहेर घंगाळात पडतं. गरम पाणी हलकं, ते वर राहतं; गार पाणी जड, ते तळाशी बसतं. शास्त्राचे मास्तर रजेवर असले की सातवीचा तास माझ्याकडे यायचा, तेव्हा अभिसरण मी या बंबावरूनच शिकवायचो. पोरं खूश असायची.

हा बंब माझ्या आईनं घेतला. त्यावर तिचं नाव आणि १९५८ हे साल ठिपक्यांनी कोरलेलं आहे. तेव्हा 'टाकून द्या' हा शब्द निघाला की मला आत कुठेतरी लागायचं, हे कबूल करतो.

आता मतं ऐका. चिरंजीव पुण्याहून म्हणाले, "बाबा, गीझर मागवून देतो, दोन दिवसांत घरी येईल. तुम्ही फक्त हो म्हणा." लेकीचं म्हणणं सोलर बसवा. पण आमचं घर जुनं, कौलारू. एवढं वजन त्या वाशांवर कोण ठेवणार? शिवाय पावसाळ्यात आमच्याकडे सूर्यदर्शन दुर्मीळ. शेजाऱ्यांनी गॅस गीझर सुचवला. त्यांना मी चांगलं अर्धा तास समजावलं की आमच्या न्हाणीघराला खिडकी एवढीशी, बंद खोलीत गॅस जळला की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, माणसाला कळतसुद्धा नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या वाचतो आपण. शेजारी पटलं म्हणून गेले. ही तिथेच शेंगा निवडत बसली होती. काही बोलली नाही.

माझं मत ठरलेलं होतं. बंब दुरुस्त करायचा. सातारला दोन-तीन ठिकाणी विचारलं. एकानं दुरुस्तीऐवजी मोडीचा भाव सांगितला. दुसरा म्हणाला, "गुरुजी, बंबाला हात लावणारं आता इथं कोण राहिलं नाही. पुण्याला तांबट आळीत न्या."

मग काय, बंब पोत्यात घातला, सुतळीनं बांधला आणि निघालो एसटीनं. कंडक्टरनं विचारलं, "आजोबा, काय आहे यात?" म्हटलं, "बंब." तर म्हणाला, "पेटलेला नाही ना?" स्वारगेटला उतरून रिक्षानं कसबा पेठेत गेलो. तांबट आळीत शिरलं की ठोक्यांचा आवाजच रस्ता दाखवतो.

ज्यांच्याकडे गेलो ते गृहस्थ माझ्याच वयाचे. त्यांनी बंब उलटा केला, बोटानं टिचक्या मारून ऐकलं, नळीत बॅटरी मारली. म्हणाले, "अंगाचा पत्रा उत्तम आहे. असा जाड पत्रा आता कोणी घालत नाही. पण बूड पातळ झालंय आणि नळीचा सांधा सुटलाय." मग त्यांनी एक एक विचारायला सुरुवात केली. पाणी रात्री भरता की सकाळी? पेटवायच्या आधी तोटीपर्यंत भरलेला असतो ना? राख रोज काढता की साठू देता? गळती कधीपासून आहे?

मी गप्प. मला एकाही प्रश्नाचं उत्तर येईना! सातवीच्या किती वर्गांना बंब शिकवला, आणि स्वतःच्या घरच्या बंबात पाणी कधी भरतात हे मला माहीत नव्हतं.

ते म्हणाले, "घरी पेटवतं कोण? त्यांना विचारा." फोन लावला. हिनं धडाधड सांगितलं. पाणी रात्रीच काठोकाठ भरते. राख रोज काढते, कारण ओलसर राख बुडाला खाते, हे सासूबाईंनी सांगितलं होतं. गळती दोन वर्षांपासून आहे. भेगेला ओला साबण चोळून भागवत होते. हल्ली रात्रीतून पाणी खाली जायचं म्हणून पहाटे उठून पुन्हा भरत होते. "मागच्या दिवाळीत तुम्हाला सांगितलं होतं की," असंही म्हणाली. सांगितलं असेलच.

तांबटांनी मला नीट समजावून दिलं. तांबं असं सहजी वितळत नाही, त्याला हजाराच्या वर अंश लागतात. पण सांध्याचा डाख कथलाचा, तो दोन-अडीचशे अंशांच्या आतच सुटतो. पाणी आहे तोवर सांधा सुरक्षित. पाणी खाली गेलं आणि विस्तव चालू राहिला की सांधा गेलाच. बूड बदलून सांधा पक्का करायचे त्यांनी साडेचार हजार सांगितले. "नाहीतर आत्ता चारशे रुपयांत वरवर डाख देतो. महिना-दोन महिने निभावेल. तोवर घरात बोलून ठरवा." मी चारशेचं काम करून परत आलो.

रात्री हिला विचारलं, "अगं, तुझं काय म्हणणं?" ती म्हणाली, "अहो, आठ दिवस तुम्ही पेटवा. मग सांगते."

आता मागे कसा हटणार? पहिल्या दिवशी पाचला उठलो. ओल्या ढलप्या घातल्या. सगळं न्हाणीघर धुरानं भरलं, डोळ्यांतून धारा. पाऊण तासानं पाणी जेमतेम कोमट. दुसऱ्या दिवशी वाकून फुंकर मारताना गुडघा असा अडकला की भिंतीला धरून उठावं लागलं. तिसऱ्या दिवशी करवंटी आधी आणि लाकूड मागाहून, हे कळलं. चौथ्या दिवशी पेटला! इतका आनंद झाला की हिला हाक मारून दाखवला. ती आली, दारातच खोकायला लागली आणि परत गेली.

तो खोकला मी किती वर्षं ऐकतोय. थंडीचा खोकला म्हणायचो. आईलाही होता तसाच. आणि मी त्या धुरात उभा राहून शेजाऱ्यांना सांगितलेलं आठवत होतो. एवढीशी खिडकी, बंद खोली, कार्बन मोनॉक्साइड... लाकडाच्या धुरात काय तो नसतो? शिवाय धूर वेगळाच. आमचं लग्न १९७६ चं. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं ही त्या खोलीत पहाटे बसत होती आणि मी अंथरुणात पडून बंबाच्या पाण्याचं कौतुक करत होतो.

आठ दिवस पुरे केले नाहीत. पाचव्या दिवशी म्हटलं, "गीझर घेऊ." ही म्हणाली, "मला गळतीपेक्षा खोकल्याचंच जास्त झालं होतं. पण तुमच्या आईचं नाव आहे त्यावर, म्हणून बोलले नाही."

मग मास्तरी हिशेब केला. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला १००० किलोकॅलरी, म्हणजे साधारण सव्वा युनिट वीज. दोन किलोवॅटच्या गीझरला ३५ मिनिटं. विसण घालून आम्हा दोघांच्या अंघोळी त्यात होतात. बंबाला रोज दोन-अडीच किलो जळण लागायचं, ते आणणं, फोडणं, वाळवणं वेगळंच. गीझर जास्त तारे असलेला घेतला, म्हणजे तापलेलं पाणी लवकर निवत नाही. वायरमनकडून आधी अर्थिंग तपासून घेतलं. जुन्या घरात राहणाऱ्यांनी हे जरूर करा. तोही जुना होईल तेव्हाचा नियम आत्ताच विचारून ठेवला: कॉइल किंवा थर्मोस्टॅट गेला तर दुरुस्त करायचा, टाकी गळली तर मात्र बदलायचा.

आणि बंब? चिंच-मिठानं घासून अंगणात पेरूच्या झाडाखाली ठेवलाय. घासला मीच, हे लेकीनं नोंद करून घ्यावं. दिवाळीपूर्वी बूड बदलून आणायचं आणि अभ्यंगस्नानाला उघड्यावर पेटवायचा, असा माझा विचार आहे. पेटवणार मी. पण साडेचार हजार घालायचे की मोडीत द्यायचा, हे या वेळी हिनं ठरवायचं आहे. तिनं अजून काही सांगितलेलं नाही. "दिवाळीला बघू," एवढंच म्हणते. तेव्हा नातेवाइकांनी आता मला फोन करू नयेत, हिला करावेत.

गीझर लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सहाला उठलो तर ही ओट्यावर चहाचा कप घेऊन बसलेली. म्हटलं, "झोपायचं की अजून!" तर म्हणाली, "पाचला जाग आलीच. पण काही करायचं नव्हतं, म्हणून बसले."

मीही कप घेऊन शेजारी जाऊन बसलो. चांगलं उजाडेपर्यंत.

तुमच्याकडे बंब होता का? आणि तो कोण पेटवत असे? आठवून कळवा.