बार्सिलोना : प्रदर्शन, मुक्काम आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन

बार्सिलोनात ‘फिरा’ नावाची प्रदर्शनस्थळे दोन आहेत, हे प्रथमच जाणाऱ्या व्यापाऱ्याने आधी ध्यानी घ्यावे. एक प्लासा एस्पान्या चौकात, माँजुइक टेकडीच्या पायथ्याशी. ते १९२९ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाचा वारसा सांगते. दुसरे ‘ग्रान विया’, शेजारच्या लोस्पितालेत नगरात. मोबाइल व्यवसायाचे जागतिक संमेलन २०१३ पासून येथे भरते. दोहोंत उपनगरी रेल्वेच्या तीन स्थानकांचेच अंतर. पण भलत्या दारी उतरल्यास सकाळची पहिली भेट हुकते. विमानतळावरून ग्रान वियाकडे चालकाविना धावणारी ‘एल-९ सूद’ मेट्रो थेट जाते. दहा फेऱ्यांचे ‘टी-कॅज्युअल’ तिकीट शहरात सोयीचे असले, तरी विमानतळाच्या मेट्रो स्थानकांत ते चालत नाही.

प्रदर्शनाच्या दिवसांत हॉटेलांचे दर चढतात, म्हणून काही जण सुमारे ३५ किलोमीटरवरील सिट्जेस या समुद्रकाठच्या गावी उतरतात. जैन कुटुंबाने मात्र अंतराआधी खोलीत स्वयंपाकाची सोय पाहावी. कारण तेथील घड्याळ.

रेखांशाने लंडनपासून फार दूर नसलेला हा देश १९४० पासून मध्य युरोपची वेळ पाळतो. मार्चच्या आरंभी बार्सिलोनात सूर्योदय साडेसातच्या सुमारास होतो; नवकारसी सव्वाआठनंतरच. सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, आणि उपाहारगृहांत रात्रीचे जेवण आठ-साडेआठच्या आधी क्वचितच मिळते. चौविहार पाळणाऱ्याला यजमानाचे नऊ वाजताचे आमंत्रण आले की व्रत आणि व्यवहार समोरासमोर उभे राहतात. जूनमध्ये सूर्यास्त साडेनऊला सरकतो, तरी तेवढ्यात जेवण उरकणे कठीणच. पण स्पेनमध्ये दिवसाचे मुख्य भोजन दुपारी दोन ते चारच्या दरम्यान असते आणि व्यापाराच्या गोष्टीही तेव्हा निवांत होतात. आपणच दुपारचे आमंत्रण द्यावे. त्यात उणेपणा काहीच नाही.

‘वेजितारियानो’ एवढेच सांगून भागत नाही. तेथील ‘तोर्तिया’ म्हणजे बटाटा आणि अंडे. ‘मान्तेकिया’ म्हणजे लोणी, पण ‘मान्तेका’ म्हणजे डुकराची चरबी. ‘एन्साइमादा’ ही गोड वेटोळी पाव-मिठाई तिच्यातच घडते. टोमॅटो चोळून वर ऑलिव्ह तेल घातलेला पाव चांगला, पण त्यावर लसूण चोळण्याचीही रीत आहे. ‘सिन आखो, सिन सेबोया, सिन पाताता’, अर्थात लसूण-कांदा-बटाट्याविना, हे शब्द कागदावर लिहून दाखवावेत. डाळ-पीठ रावाल भागातील दुकानांत मिळते. तेथे आणि मेट्रोत पाकीट सांभाळावे.

पाहण्यासाठी एकच अर्धा दिवस असेल, तर तो साग्रादा फामिलियाला द्यावा. १८८२ मध्ये आरंभलेले हे चर्च दानावर व दर्शकांच्या तिकिटांवर उभे राहत आले. पुढच्याच वर्षी काम हाती घेतलेले वास्तुशिल्पी गौदी १९२६ मध्ये ट्रामच्या धडकेने निवर्तले. त्यांच्या मृत्यूने बांधकाम थांबले नाही. झाडांसारखे फांद्या फुटलेले खांब पाहताना राणकपूर आठवल्यावाचून राहत नाही. तिकीट वेळ ठरवून आधीच घ्यावे लागते. मार्चमध्ये दुपारी चारचे घ्यावे : पश्चिमेच्या लाल-नारिंगी काचांतून ऊन आत उतरते, आणि पाचला बाहेर पडल्यावर समोरच्या प्लासा दे गौदी बागेतील बाकावर डबा उघडण्यास सूर्यास्तापूर्वी पुरेसा अवधी मिळतो.