मान टाकलेली मिरची

सप्टेंबर २०२५चा पाऊस साऱ्या मराठवाड्यानं सोसला, त्याचं वर्णन आम्ही काय करणार? भोकरदनकडच्या आमच्या वीस गुंठे मिरचीत चार दिवस पाणी तुंबून होतं. पाचव्या दिवशी ऊन पडलं आणि दुपारपर्यंत अख्ख्या वावरानं मान टाकली. याच मिरचीवर धाकट्या बहिणीची बी.एड.ची फी धरलेली.

आम्ही दोघे भाऊ. एक शेत पाहतो, दुसरा उर्दू शाळेत विज्ञान शिकवतो. दोघांनी मिळून शहाणपणा केला. पावसानं खत वाहून गेलं असणार, म्हणून ठिबकमधून युरिया सोडला. संध्याकाळी अब्बांनी एक झाड खुरप्यानं उकरलं. बारीक मुळं काळी पडलेली, चिमटीत धरताच साल सुटून आली. "पानी में खडे हैं और तुम पानी पिला रहे," अब्बा म्हणाले, "इनको दम तो लेने देव."

मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणी भरलं की हवा राहत नाही. मुळं गुदमरतात, त्यांना पाणी ओढता येत नाही आणि झाड पाण्यात उभं राहून तहानेनं सुकतं. 'जडें भी सांस लेती हैं' हे वाक्य आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. फळा शाळेतच राहिला!

ठिबक बंद केलं. बांध फोडून चर काढले. वाफसा येईपर्यंत वावरात पाय ठेवायचा नाही, ही अब्बांची ताकीद. ओल्या रानात चाललं की काळी माती आणखी दबते. मग खुरप्यानं वरचा पापुद्रा फोडला, दहा लिटर पाण्यात ३० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड कालवून बुडख्याशी ओतलं. लागलेली मिरची, अगदी लहानसहानही, तोडून झाडांवरचा भार उतरवला. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात त्या मालाचं काय झालं, ते न विचारलेलंच बरं.

दुपारी सुकून संध्याकाळी सावरणारी झाडं ठेवली. रात्रीतूनही न उठलेल्यांची खोडं कापून अम्मीच्या काचेच्या ग्लासात, स्वच्छ पाण्यात धरली. कापातून दुधाळ धागा उतरला की समजायचं, जिवाणूंची मर. तिला औषध नाही. ती झाडं उपटून वावराबाहेर नेली. ग्लासाबद्दल अम्मी अजून बोलते.

निम्म्याहून थोडी जास्त झाडं वाचली. नवी पालवी दिसायला तीन आठवडे लागले. बहिणीची फी दोन हप्त्यांत भरायचं ठरलं. ती म्हणाली, पावसापुढं कुणाचं काय चालतं? युरियाचं तिला अब्बांनी सांगितलं नाही, आम्हीही नाही.