खुंट अमेरिकन, डोळा फ्रेंच

सौ.ना रजा नाही आणि लेकीची शाळा सुरू झालेली, म्हणून गेल्या सप्टेंबरात पॅरिसच्या कॉन्फरन्सनंतर उरलेले तीन दिवस आम्ही एकट्यानेच बर्गंडीत काढले. ('आम्ही' म्हणजे अस्मादिक, बरोबर फक्त पाठीवरची सॅक!) खिसा बेताचाच. म्हणून मुक्काम दिज्याँच्या होस्टेलमध्ये, प्रवास लोकल गाडीने, आणि जेवणाला बेकरीतला ताजा लांब पाव, चीज आणि घरून नेलेली लसणाची चटणी. फक्कड जमतं, करून पाहा!

दिज्याँहून बोन हे गाव वीस-पंचवीस मिनिटांवर. तिथलं 'ऑतेल-द्यू' हे हॉटेल नव्हे बरं का! 1443 साली निकोला रोलँ नावाच्या दिवाणाने आणि त्याच्या पत्नीने गोरगरिबांसाठी स्थापन केलेलं ते रुग्णालय. आता तिथे संग्रहालय आहे. रंगीत कौलांचं छप्पर पाहतच राहावं असं. दान मिळालेल्या मळ्यांच्या वाईनचा 1859 पासून लिलाव होतो, दर नोव्हेंबरात. पैसा जातो धर्मादायाला. म्हणजे आपल्या देवस्थानांच्या इनाम जमिनींसारखंच की!

दुसऱ्या दिवशी न्वी-सँ-जॉर्ज स्टेशनवर उतरलो आणि मळ्यांमधून चालत व्होन-रोमाने गाठलं. तिथे जगप्रसिद्ध रोमाने-काँती. दगडी गडगा, एक क्रॉस आणि जेमतेम साडेचार एकर जमीन. बाटलीची किंमत हजारो डॉलर! आम्ही बाहेरूनच दर्शन घेतलं, ते फुकट असतं. चार पावलं खाली उतारावर तीच पिनो न्वार द्राक्षं, पण भाव कितीतरी कमी. आमच्यातला इंजिनियर जागा झाला. गुपित आहे चढाचं, चुनखडीचं आणि निचऱ्याचं. खाली सपाटीला माती जाड, पाणी रेंगाळतं. मधल्या उतारावर ते वाहून जातं. अशा नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या 1247 तुकड्यांना 2015 साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं.

परतताना एक आजोबा वेली तपासताना दिसले. 'बोंजूर मस्य' म्हटलं की इथे माणूस खुलतो. आमचं फ्रेंच तिथेच संपलं! पण आजोबांनी वेलीच्या बुंध्यावरची गाठ दाखवली. गाठीखाली बोट ठेवून म्हणाले, "अमेरिका!" वर बोट नेऊन म्हणाले, "फ्रान्स!" आणि खदखदून हसले.

गोष्ट अशी. 1860 च्या दशकात अमेरिकन वेलींबरोबर फायलॉक्सेरा नावाची कीड फ्रान्सात आली आणि मुळांतला रस शोषून तिने मळेच्या मळे उजाड केले. उतारा सापडला तोही अमेरिकेतच. तिथल्या रानवेलींची मुळं या किडीला दाद देत नाहीत. तेव्हा खुंट अमेरिकन घ्यायचा, त्यावर कलम फ्रेंच वेलीचं. टेक्सासच्या मन्सन या वेलीतज्ज्ञाला फ्रेंच सरकारने 1888 साली सन्मान दिला तो याच कामासाठी. रोमाने-काँतीच्या जुन्या वेली 1945 पर्यंत स्वतःच्या मुळांवर तग धरून होत्या. मग त्याही काढल्या आणि 1947 साली कलमं लावली. आपल्या नाशिक-सांगलीकडचे बागायतदार ज्या डॉगरिज खुंटावर डोळा भरतात, तोही मूळचा टेक्सासचाच!

आपल्या मंडळाच्या प्रत्येक भाषणात 'आपली मुळं महाराष्ट्रात' हे वाक्य असतं. लेक विचारते, "बाबा, मग माझी कुठे?" आजवर आम्ही विषय बदलायचो. आता सांगतो : मूळ असतं त्या मातीतलं, जिथे तू उभी आहेस. तिथली कीड, तिथला दुष्काळ सोसायला तिथलंच मूळ लागतं. पण घड कसला धरायचा, हे ठरवतो वर भरलेला डोळा. तो भरायचं काम आई-बापाचं, आणि ते वेल कोवळी असतानाच करावं लागतं.

रविवारची मराठी शाळा आहे ना मंडळी, ती त्यासाठीच.