बनी तो बनी, नहीं तो परभणी

ही म्हण मराठवाड्यात सर्वांना ठाऊक आहे. परभणीकर ती स्वतःच हसत हसत ऐकवतात, त्यामुळे बाहेरच्याने तिच्यावरून त्यांना चिडवण्यात काही मजा उरत नाही. तिचा उगम सांगणारे जितके भेटतील तितके उगम! मला मात्र ती गेल्या कार्तिकात, जिंतूर रस्त्यावरच्या एका फटफटी दुरुस्तीच्या टपरीत नीट कळली.

प्रवासवर्णनात लेणी आणि देवळे यावीत असा आपल्याकडे संकेत आहे. या जिल्ह्यात त्यांचीही वाण नाही. गंगाखेड हे जनाबाईंचे गाव, पाथरी हे साईबाबांचे जन्मस्थान मानणारे पुष्कळ, चारठाण्याला जुनी देवळे आणि जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी. पण या खेपेला मी जिल्हा पाहिला तो बुलेटच्या मागच्या सीटवरून, आणि दर पाचसहा किलोमीटरला खाली उतरून.

गाडी माझ्या मेव्हण्यांची, १९८७ सालची, साडेतीनशे सीसीची. शेती खात्यातल्या नोकरीत त्यांनी तिच्यावरून जिल्ह्याचा कोपरान् कोपरा पालथा घातला. ते गेले आणि गाडी भाच्याकडे आली. तो जिंतूरच्या एका बँकेत आहे. रोज परभणीहून चाळीसेक किलोमीटर जातो-येतो. तरुण माणूस! त्याने मूळचा सायलेन्सर काढून आखूड, आत जाळी नसलेला बसवला, आणि हवेच्या गाळणीचा डबा काढून तिथे उघडी शंकूच्या आकाराची गाळणी लावली. झाले! गाडी वेग धरताना अडखळू लागली, मूठ सोडली की मागून फटाके वाजू लागले आणि इंजिन इतके तापे की पोटरी भाजावी. एका मिस्त्रीने गाडी विकून टाकायचा सल्ला दिला. बहिणीने तो ऐकला, आणि दोन दिवस घरात कुणाशी धड बोलली नाही. मग मला म्हणाली, "दादा, हिचा आवाज परका झालाय. पण म्हणून विकायची का रे?"

म्हणून आम्ही चाचांकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढचे, हातात पेचकस, नजर गाडीकडे. भाच्याने किक मारली. चाचांनी अर्धा मिनिट ऐकले.

"आत यायची वाटबी मोठी केली, बाहेर जायचीबी. जेवन मात्र तेवढंच ठेवलं. पेट्रोल कमी पडायलंय हिला, साहेब."

सगळे शास्त्र त्यात आले. एक भाग पेट्रोल पुरते जळायला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते, आणि ते प्रमाण राखणे हे कार्बुरेटरचे काम. नवे भाग बसवले की हवा वाढते. जेटची भोके मात्र तेवढीच राहतात. मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. तसेच दामटत राहिले तर एक दिवस पिस्टन जळतो.

चाचांनी पहिले काम केले ते भाच्याला मुळीच रुचले नाही. गाळणीचा जुना डबा त्यांनी परत बसवायला लावला. "मामा, तुम्ही तरी सांगा ना!" भाचा म्हणाला. मी काय सांगणार? रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी रानं, कापसाची वेचणी चाललेली, रब्बीसाठी मोकळी केलेली जमीन, आणि प्रत्येक ट्रकमागे उडणारा धुरळा. ती माती उघड्या गाळणीतून आत गेली की सिलिंडर घासून काढते. सायलेन्सर राहिला, पण आत जाळी घालूनच. कर्कश सायलेन्सर हा कायद्याने गुन्हाच आहे, आणि शेजाऱ्यांच्या लेखी त्याहून मोठा.

मग चाचांनी मुठीवर कागदी पट्टी चिकटवून पाव, अर्धी, पूर्ण अशा खुणा केल्या, नवा प्लग घातला आणि आपल्या स्कूटरवरून आमच्या मागे निघाले. झरीच्या अलीकडे मोकळा सरळ रस्ता लागला. पूर्ण मूठ, मग एकदम इंजिन बंद, क्लच दाबून गाडी कडेला. प्लग काढला तर पांढराफटक! काळा काजळलेला निघाला असता तर पेट्रोल जास्त. बिस्किटाच्या रंगाचा हवा. पत्र्याच्या डबीतून चाचांनी मोठ्या आकड्याचे मेन जेट काढले. पुन्हा धाव, पुन्हा प्लग. वरचा वेग जमल्यावर अर्धी मूठ : तिथे कारभार सुईचा. तिच्यावरची क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे सुई वर उचलली गेली आणि अडखळणे थांबले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा दंडक. दोन बदलल्या तर गुण कुणाचा, कसे कळणार?

बोरीला चहा झाला आणि तापलेल्या इंजिनावर शेवटचा छोटा हवेचा स्क्रू. आत फिरवला की हवा कमी, बाहेर फिरवला की जास्त. चाचा डोळे मिटून एकेक ठोका ऐकत होते. मूठ सोडल्यावरचे फटाके गेले.

दुपारच्या उन्हात नेमके जमले असतानाही त्यांनी स्क्रू किंचित आत ठेवला. "सकाळी थंडीत जाणार ना?" थंड हवा दाट, म्हणून पहाटे तेच मिश्रण पातळ पडते. मराठवाड्यात कडाका पडला की परभणीचा पारा वर्तमानपत्रात येतो, आणि मे महिन्यात तो चाळिशीच्या वर जातो. एकच बेतणी बारा महिने कशी पुरावी? त्यात पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. त्यानेही मिश्रण पातळच होते. २०२० पासूनच्या नव्या गाड्यांत हे सारे यंत्र आपसूक सांभाळते. चाचांचा मुलगा तसल्या गाड्यांना संगणक जोडून दोष वाचतो. तो वाईट मिस्त्री आहे असे मला वाटत नाही, पण कान त्याला लागत नाही.

चाचा तिथून मागे फिरले. आम्ही दोघे जिंतूरवरून येलदरीला गेलो. पूर्णा नदीवरचे हे धरण १९६८ साली पुरे झाले. चढावर गाडीने एकदाही धाप टाकली नाही. पाण्याकाठी प्लग काढला : बिस्किट!

रात्री बहिणीने दारातच ऐकले. म्हणाली, "जवळपास आलाय." आणि कपाटातून मेव्हण्यांची गाडीची वही काढून तिने मुलापुढे ठेवली. त्यात त्यांच्या बारीक अक्षरात दर वर्षीच्या नोंदी होत्या : मे, हवेचा स्क्रू अर्धा फेरा बाहेर, दिवाळी, परत आत. भाच्याने पेन मागितले आणि खाली नव्या जेटचा आकडा आणि सुईची खाच लिहून घेतली.